तिसऱ्या कुठून आल्या

प्रिय रोहिणी,

सकाळी फोनवर तिसऱ्या खाऊ नका म्हटलं तर तू हसलीस, म्हणून लिहितेय. तुझे तिसऱ्यांचे डबे आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडेच हे पत्र देतेय. घरात तिसऱ्या असतील तर आधी फेकून दे, मग पुढे वाच.

रविवारी तुझा डबा आला. डी.एड.च्या होस्टेलवर तू मला या खाडीतल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची चटक लावलीस, लग्नानंतर आमचा दीपकही डब्याची वाट बघायला लागला. उघड्या तोंडाच्या टाकून दिल्या, चारदा धुतल्या, सुक्कं केलं. मी जेवायची होते, तेवढ्यात दीपकचे ओठ बधिर झाले. मिरची झोंबली वाटतं साहेबांना, म्हणून मी चिडवलंसुद्धा. मग बोटं गेली, जीभ जड झाली. रिक्षात बसवताना त्याला पाय उचलता येईनात. जन्मात इतकी घाबरले नव्हते गं.

डॉक्टर म्हणाले, शिंपल्यांत विष होतं, समुद्रातल्या बारीक शेवाळाचं. वासाला कळत नाही, चवीला कळत नाही, उकळून जात नाही. तुझ्या सासूबाईंच्या घरात पिढ्यान् पिढ्या खात आलेत, खरंय. पण ते कधी येतं हे त्यांनाही दिसायचं नाही.

आरोग्य खात्याच्या बाईंनी विचारलं, तिसऱ्या कुठून आल्या? तुझा धंदा आत्ता कुठे मार्गी लागलाय. मी म्हटलं, बाजारातून, मासेवाल्या चिमणाबाईंकडून. बिचारीचा सगळा माल उचलून नेला. दवाखान्यात येऊन ती म्हणाली, "बाई, म्या कवा इकल्या तिसऱ्या?" मी मान वर केली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तुलाही कळवलं नाही.

दीपक कालपासून स्वतःच्या हाताने पाणी पितोय. पण कालच तुझा दुसरा डबा पंचवटीत आपल्या होस्टेलच्या स्नेहाकडे पोचला, मला पत्ताच नाही. तिची सात वर्षांची तेजल शेजारच्या वॉर्डात मशीनवर श्वास घेतेय. रविवारी मी खरं बोलले असते तर तो डबा निघालाच नसता. स्नेहासमोर जायची माझी हिंमत नाही.

दुपारी आरोग्य खात्यात जाऊन तुझं नाव, गाव, खाडी, सगळं लिहून दिलं. उद्या माणसं येतील, नमुने घेतील, तिसऱ्या काढणं बंद करतील. कोणाकोणाकडे डबे गेले ते सांग, एकही घर लपवू नकोस. तुझ्या पोटावर पाय दिलाय मी. रागाव, बोलू नकोस माझ्याशी. पण तुझा छोटा आयुष पानावर बसलाय आणि तू त्याला वाढतेयस, एवढंच सारखं डोळ्यांसमोर येतंय गं.

तुझीच,
उज्ज्वला