मायचा डावा गाल

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ जून १९९४

प्रिय बन्सीदादास,
गोदाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनीला सांग, तिचा चिवडा माझ्याआधी खोलीतल्या मुलींनीच संपवला. माझी चित्रकलेची परीक्षा झाली. व्यक्तिचित्रात वर्गात पहिली आले.

मायच्या चित्राला उशीर का, असं विचारलंस. गुलमंडीत चौकट सांगून ठेवली आहे. वर्षश्राद्धाला येताना आणीन. पण तू लिहिलंस, "आजाराच्या आधीचा चेहरा काढ." दादा, तोच माझ्याकडे नाही.

त्या शेवटच्या दिवाळीत मी तिला ओसरीवर बसवून काढत होते, आठवतं? तुम्ही सगळे हसत होता. माय म्हणाली, "आटप की गं गोदे, म्हैस बी इतका येळ उभी ऱ्हात नाय." सरांनी शिकवलं होतं, नाकावरून उभी रेघ मारा, दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर तुमचं मोजमाप चुकलं. मी हात ताठ धरून पेन्सिलीनं मोजलं. तीनदा मोजलं. तीनही वेळा डावा गाल जबड्यापाशी मोठा आला.

मी खोडला. शिकून आलेला नियम मला समोर बसलेल्या मायपेक्षा खरा वाटला.

तुम्ही रानात गेल्यावर ती हळूच म्हणाली, "डाव्या अंगाला सुजल्यावानी दिसतं का गं? घास चावताना कळ येती." मी म्हणाले, "नाय माय, माझाच हात चुकतोय. हलू नको." दोन्ही गाल सारखे करून तिला चित्र दाखवलं. ती निवांत झाली. घरातल्या शिकलेल्या पोरीनं सांगितलं होतं ना. पुन्हा तिनं गालाचं नाव काढलं नाही.

फाल्गुनात डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी आणायला हवं होतं." मी तुझ्या शेजारीच उभी होते. मनात महिने मोजले, आणि गप्प राहिले. तेव्हापासून नाना चारचौघांत म्हणतात, "गव्हाच्या काढणीपायी बन्सीनं मायला घालवलं." तू मान खाली घालून ऐकतोस. तू आठच दिवस लांबवलं होतंस, दादा. मी तुझ्या आड वर्षभर लपले.

सोबत चित्र पाठवते. खोडलेला गाल होता तसा काढला आहे. भिंतीवर लावायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण आधी हे पत्र नानांना मोठ्यानं वाचून दाखव. मला सांभाळायला म्हणून एकही ओळ गाळू नकोस; तुझी सवय मला माहीत आहे. श्राद्धाला मी येतेच आहे. घरात घ्यायचं की नाही, ते नानांनी मला दारातच सांगावं.

तू शाळा सोडलीस म्हणून शिकलेली,
गोदावरी