नाव न घेता

क्येंजोजो,
ता. ४ मार्च १९९६

प्रिय अमोतीदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीनं पाठवलेले शेंगदाणे दोन्ही पोचलं. सेवा क्लबचा अध्यक्ष झालास, गळ्यात साखळी घातलेला फोटोही मिळाला. रुसोकेंनी विचारलं, कोट कसा बसलाय. मी म्हटलं, डावा खांदा उतरलाय. तर म्हणाले, मग नक्की फोर्ट पोर्टलच्याच शिंप्यानं शिवला असणार.

आता तू म्हणशील, फोटो त्यांनी स्वतः का नाही पाहिला. तेच लिहायला बसलेय.

दादा, त्यांना दिसत नाही. उजव्या डोळ्यानं काहीच नाही. डाव्यानं पपईच्या देठाच्या नळीतून पाहावं एवढंच. दीड वर्ष झालं. गिऱ्हाईक आलं की टेप मी लावते आणि आकडे मोठ्यानं सांगते. ते हसून म्हणतात, बायको आता मुकादम झालीय. कापड बोटांनी चाचपून कापतात, कात्री कधी चुकत नाही. सुया मी ओवते. गेल्या महिन्यात लग्नाच्या एका पांढऱ्या कान्झू अंगरख्याच्या गळ्यावरची लाल नक्षी मी भरली आणि नवरदेव यांचे हात धरून वाखाणत बसला. हे मान खाली घालून ऐकत होते.

कुणाला कळू द्यायचं नाही, मुलींनासुद्धा नाही, अशी बायबलवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलीय. आंधळ्याकडे सूट कोण टाकेल, म्हणतात. ती शपथ आज मोडतेय, फक्त तुझ्यापाशी. तुमच्या क्लबात डोळ्यांचे डॉक्टर मुगेनी आहेत ना? त्यांना बाजूला घेऊन विचार, यावर काही औषध आहे का. कुणासाठी ते सांगू नकोस. आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

वहिनीला नमस्कार, पोरांना गालगुच्चे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अकीकी

*

फोर्ट पोर्टल,
ता. १६ मार्च १९९६

चि. सौ. अकीकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. वेडे, दीड वर्ष एकटीनं ओढलंस! खांद्याचं म्हणशील तर कोटाचा नाही, माझाच उतरलाय, अध्यक्षपदाच्या ओझ्यानं.

डॉक्टर म्हणतात, हा काचबिंदू वाटतो. गेलेली नजर येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवता येते. कुठल्याही शनिवारी दवाखान्यात घेऊन ये.

खरं तर गुरुवारची सभा उठल्यावर मी त्यांना गाठणार होतो. पण घंटा झाली, प्रार्थना झाली, जेवणं झाली, आणि मग मनातलं सांगायची पाच मिनिटं असतात, त्यात माझ्या तोंडून निघूनच गेलं. नाव घेतलं नाही हं! माझ्या बहिणीचा नवरा, शिंपी आहे, एवढंच म्हणालो. तुला सांगतो, एरवी त्या वेळी निम्मे लोक पेंगत असतात, पण त्या दिवशी चमचा वाजला नाही. बँकेच्या मॅनेजरबाईंनी डोळे पुसले. सगळे म्हणाले, अध्यक्षांच्या घरचं दुःख ते आपलं दुःख, आपण काहीतरी केलंच पाहिजे. काय ठरलं ते आत्ता सांगत नाही. तुम्हा दोघांना आनंदाचा धक्का.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

तुझा,
अमोतीदादा

*

क्येंजोजो,
ता. २२ मार्च १९९६

प्रिय अमोतीदादास,
सा. न. वि. वि.

दादा, तुला बहीण एकच आहे. आणि क्येंजोजोच्या बाजारपेठेत मनगटाला टाचण्यांची गादी बांधून बसणारा, तुझ्या क्लबातल्या निम्म्या लोकांचे लग्नाचे सूट शिवलेला शिंपीही एकच आहे. मग नाव घ्यायचं बाकी काय ठेवलंस?

पाया पडते, हे थांबव. कुणी इकडे येऊ नये, काही आणू नये. डोकं दुखतंय त्याच्या तपासणीला जाऊ, असं सांगून मी यांना शनिवारी तिकडे आणायचं जमवतेय. तेवढे दिवस मला दे. पत्र टपालात न टाकता टॅक्सीच्या ड्रायव्हरकडे देतेय, म्हणजे आजच दुपारी तुझ्या दुकानात पोचेल.

घाईत लिहिलंय, बोचलं तर पोटात घाल. उत्तर आलं तरच माझा घास उतरेल.

तुझी,
अकीकी

*

क्येंजोजो,
ता. १५ एप्रिल १९९६

अमोतीदादास,

तुम्ही बसमध्ये बसून गाणी म्हणत परत गेलात. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत असावं म्हणून लिहितेय.

आधी त्याच दिवसाचं. तुला गर्दीत दिसलं नसेल. बस थांबल्याचा आवाज आला, तेव्हा यांना वाटलं एखाद्या शाळेची मोठी ऑर्डर आली. मला म्हणाले, शेजारून खुर्च्या माग. मी बाहेर आले तर तुमची माणसं झाडापासून खांबापर्यंत कापडी फलक बांधत होती आणि त्यावर हातभर अक्षरांत यांचं नाव. बाजाराचा दिवस. सगळा बाजार आमच्या ओट्यापुढे. तू भाषण करत होतास आणि हे हसतमुखानं ऐकत होते, अगदी तुझ्या तोंडून अंध हा शब्द येईपर्यंत. मॅनेजरबाईंनी पांढरी काठी हातात दिली, ती त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. फोटोच्या वेळी ते भलतीकडे बघत होते, तर तू त्यांची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलंस. दादा, गुराचं फिरवतात तसं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं आली. भांडायला नाही. एकेक जण येऊन यांच्या पाठीवर हात ठेवायचा, घाई नाही म्हणायचा, आराम करा म्हणायचा, आणि आपलं कापड तेवढं उचलून न्यायचा. बुधवारी शाळेच्या बाईंनी गणवेशांचे तागे नेले. त्या तर रडल्यासुद्धा.

यांनी मला एकदाच विचारलं, भावाला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. सुईसुद्धा ओवू देत नाहीत. स्वतः ओवत बसतात, जिभेवर दोरा ओला करून, पुन्हा पुन्हा. मी समोर बसून बघते.

मला एकच सांग. ड्रायव्हर म्हणतो, माझं पत्र त्यानं तुझ्याच हातात दिलं होतं. खरं का?

अकीकी

*

फोर्ट पोर्टल,
ता. २४ एप्रिल १९९६

चि. सौ. अकीकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं होतं. खोटं कशाला बोलू? पण तोवर बस ठरली होती, फलक रंगवून झाला होता. कंपालाहून क्लबचे प्रांताध्यक्ष या एप्रिलच्या वीस तारखेला यायचे होते, वर्षभरात काय केलं ते बघायला. आमची झऱ्याची बांधबंदिस्ती अर्धवट पडलेली. मी त्यांना काय दाखवणार होतो? मला वाटलं, तुम्ही चार दिवस रुसाल आणि मग मदतीचं मोल कळेल. त्यात माझं काय मोठं चुकलं? लोकांनी शब्दानं तरी दुखावलं का?

आणि रागावू नकोस, पण गुपित मी फोडलं म्हणतेस, तर आधी ते कुणी फोडलं?

प्रांताध्यक्षांनी फार कौतुक केलं. फोटो सभागृहात लावलाय. क्लब दर महिन्याला साखर आणि साबण पाठवणार आहे. रुसोकेंना एखाद्या गुरुवारी पाहुणे म्हणून घेऊन ये. सगळे उभं राहून टाळ्या वाजवतील, मग बघ त्यांची कळी कशी खुलते.

मोठ्या भावावर फार दिवस रुसू नये. जिव्हाळा होता तसा राहो.

तुझा,
अमोतीदादा

*

क्येंजोजो,
ता. १९ मे १९९६

श्री. अमोती यांस रुसोकेचा नमस्कार.

हे पत्र मी सांगतोय आणि अकीकी लिहितेय. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुमच्या डॉक्टरांना आम्ही दाखवून आलो. भला माणूस. मला विचारल्याशिवाय माझ्या तोंडाला हात लावला नाही. थेंब दिलेत. डाव्या डोळ्याचं जे आहे ते राहील म्हणाले. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ राहिलं असतं, असंही म्हणाले. लपवत बसलो ही चूक माझी, ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

काठी चांगली आहे. मी ती वापरतो. साखर आणि साबण ड्रायव्हरबरोबर परत पाठवलाय, पुन्हा पाठवू नये. फोटो काढून टाका, असं मी सांगतोय. विनंती म्हणून नव्हे.

कामाचं म्हणाल तर चर्चच्या गाणाऱ्यांचे झगे तेवढे माझ्याकडे राहिलेत. ते ढगळ असतात, मापाचं कुणी विचारत नाही.

अकीकीनं शपथ मोडली. त्यासाठी मी तिच्याशी महिनाभर बोललो नाही. आत्ता तिचा हात थांबलाय, पेनाचा आवाज येत नाही. लिही, म्हटलं. तुमचं ते पत्र तिनं मला वाचून दाखवलं, आधी कुणी फोडलं हे वाक्यसुद्धा गाळलं नाही. म्हणून सांगतो, तिनं मोडली ती माझे डोळे वाचावेत म्हणून. तुम्ही माझं सांगितलंत ते पाहुण्याला दाखवायला काही नव्हतं म्हणून. या दोन गोष्टी पुन्हा एका तराजूत घालू नका. परवापासून सुया ती ओवते. पूर्वीसारखं झालंय असं मात्र समजू नका. ती ओवते, मी घेतो, मध्ये बोलणं फारसं नसतं.

तुमच्या लग्नाचा सूट मी शिवला, तुमच्या वडिलांना शेवटचा अंगरखा मी घातला. इतकी वर्षं मी तुम्हाला भाऊ म्हणत आलो. यापुढे माझ्या ओट्यावर येऊ नका. बहिणीला भेटायचं असेल तर चर्चच्या आवारात भेटा, मी तिला अडवणार नाही.

शेवटी लोभाच्या दोन ओळी लिहायची रीत असते. अकीकीनं विचारलं, लिहू का. मी म्हटलं, माझ्याकडून नको. तुझा भाऊ आहे, तुला तुझ्याकडून लिहायच्या असतील तर खाली जागा सोडलीय. तिनं लिहिल्या की नाही, मला कळणार नाही.

रुसोके