पिळदार खाचा

रविवार, संध्याकाळ

उद्याच्या अंकाचा मजकूर लिहायचाय, पण डोक्यात त्या खाचाच. चिकलठाण्याला बहिणीकडं जेवायला गेलो होतो. दाजी तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफेच्या नळीत पिळदार खाचा असतात म्हणे. गोळ्याची तांब्याची पट्टी त्यांत रुतते, गोळा भोवऱ्यासारखा फिरत सुटतो. म्हणून तोंड पुढंच राहतं. एवढ्याशा खाचा!

"झिजल्या तर?"

"गोळा कोलमडतो, आपल्याच माणसांवर पडतो. रोज नळीला डोळा लावून बघायचो. पुढच्या खंदकात तुमचा धाकला होता, संपादकसाहेब."

धाकटा भाऊ शेजारीच जेवत होता. लढाईचं तो कधी बोलत नाही. आज बोलला. "डोक्यावरून गोळ्याची शीळ गेली की म्हणायचो, दाजी जागे हायेत. मग झोपायचो."