बेटाची पूर्व बाजू

१४ डिसेंबर १९३६
थोरल्या दिरांनी — लोटनदादांनी — बेटाची पूर्व बाजू मला देऊ केली. आपणहून! हे गेल्यापासून जो माणूस आमच्या दारात फिरकला नाही, त्याला एकाएकी माया? थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नाही. दादांचे निरोप जाऊबाई आणतात. "त्या म्हनतस, पूर्व तू ले. गाळ चांगला शे." गाळ अजून पाण्याखाली. दादांना कसा दिसला?

१५ डिसेंबर
तलाव उतरला की बेटाभोवती गाळ उघडा पडतो. त्यात टरबुजं, काकड्या. माझी नि पोरीची वर्षाची भाकर तीच. वाटण्या मात्र आधीच, पाण्यात खुंट मारून ठरतात. नारळ फुटला की वर्षभर बदल नाही.

१७ डिसेंबर
होडीतून बेटाला चक्कर मारली. पश्चिमेला काळी माती, कमरेएवढं गवत. पूर्वेला नुसता मुरूम नि बाभळी. बघा! खडकाळ बाजू माझ्या गळ्यात. मला काय दुधखुळी समजतात?

१८ डिसेंबर
जाऊबाईंना म्हटलं, मला पश्चिम हवी. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या. "त्या म्हनतस, पूर्वच ले." इतका आग्रह — मग तर पश्चिमच!

२० डिसेंबर
खुंट मारले. नारळ फुटला. दादा पाण्याकडे बघत राहिले. मनात चडफडत असणार. मला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी १९३७
पूर्वेला गाळ अंगणासारखा पसरलाय, रोज पुढे सरकतोय. माझ्या बाजूला कडा सरळ खाली. हातभर चिखल, की लगेच खोल पाणी. वरची माती बघून मी तळ ठरवला! त्यांना ठाऊक होतं. मग हट्टाने पूर्व का देत होते? मी पश्चिम मागावी म्हणूनच. माझा स्वभाव ओळखून डाव टाकला. पोरीला काय खाऊ घालू?

७ फेब्रुवारी
दादा आज दारात आले. रीत मोडून थेट माझ्याशी बोलले. "मागला साल मना भाऊनी, भटूनी, बांबू टाकी टाकी तळ देखेल व्हता. आजारमा माले सांगेल व्हतं — मी गऊ ते पूर्व तिले देजो. मरेल मानूसना शबद निरोपमा कसा धाडू?"

पदर तोंडावर होता, म्हणून बरं.