मोहगावच्या तंबूत

सौसर
१० नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्याबाई,

मंगलाचा पाया पडून नमस्कार. थंडी सुरू झाली, तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे कापूस फुटून राहिला, वेचायला माणसं मिळत नाहीत. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, अन् ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहून राहिली. अक्षर सांभाळून घ्या.

काल नागपूरहून स्वप्निल नावाचा माणूस घरी आला. जुन्या नटींवर पुस्तक लिहितो म्हणे. त्यानं आजीचा, म्हणजे तुमच्या आईचा फोटो समोर ठेवला. खाली छापलेलं होतं, 'मिस हेमलता'.

त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. अकराव्या वर्षी आजी नाटक कंपनीत गेली. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. बाई उभी राहिली म्हणून एका गावात लोकांनी दगड मारले, तरी तिनं पद पूर्ण म्हटलं. मग मुंबईला मूकपट, शेवटी दोन बोलपट. अन् आपल्या घरी तीच आजी, दारात अनोळखी माणूस दिसला की मागच्या खोलीत जायची! आजोबांनी लग्नाआधीच सांगितलं होतं, मागचं कधी काढायचं नाही.

"त्यांची मुलगी हयात आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही. गेली," मी म्हटलं.

आत्याबाई, माझ्या तोंडून हेच निघालं. तो गेल्यावर हेमराज म्हणाला, "आई, पांढुर्ण्याच्या आत्याआजीले जितेपणी मारून टाकलं तू? काहून?"

काहून, ते तुम्हाला सांगते.

चौसष्ट सालची मोहगावची शिवरात्रीची जत्रा. मी नऊ वर्षांची होती. आपले गाडीवान नत्थूजी मला बैलगाडीतून घेऊन गेले. तंबूत जुना पौराणिक बोलपट लागला होता. पडद्यावरची राणी गायला लागली, अन् तो आवाज आपल्या चुलीजवळचा निघाला. आजी एकटी असली की गुणगुणायची, तोच. मी उभी राहून ओरडली, "हे त माही आजी आहे!"

नत्थूजींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. पण तिगावचे तुमचे होणारे सासरे पुढेच बसले होते. त्यांनी वळून पाहिलं.

आठव्या दिवशी निरोप आला, "नटीची पोरगी आमच्या घरी नाई पायजे." तुमच्या हळदीची तारीख निघाली होती. आजीचं गुणगुणणं त्या दिवसापासून बंद झालं. तिसऱ्या वर्षी ती गेली.

आजोबांनी नत्थूजींना अंगणात उभं केलं. लग्नानंतर स्टेशनवरून आजीला घरी त्यांनीच आणलं होतं, बाहेरच्यांत फक्त त्यांनाच माहीत. "तूच बोलला!" आजोबा ओरडले. मी खांबाआड होती. नत्थूजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घोंगडं खांद्यावर टाकलं अन् त्यांच्या गावी, रामाकोन्याला निघून गेले. तुम्ही पुन्हा त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांच्या मयतीला मी गेली, पण तिथंही माझं तोंड उघडलं नाही.

तुम्ही लग्न केलं नाही. परक्यांच्या पोरी शिकवल्या, माझी दोन्ही बाळंतपणं केली. तुम्ही डोक्यावरून हात फिरवला की मी आतून थंड पडायची. वाटायचं, आता कळलं यांना. साठ वर्षं हेच भेव घेऊन जगली. काल तो माणूस तुमच्याकडे गेला असता, तुम्ही मोडलेल्या लग्नाचं सांगितलं असतं, कोणी मोहगावचं नाव काढलं असतं... म्हणून तुम्हाला मारून मोकळी झाली.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी हेमराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले सांगून काय होते? तिले सांग." मग मी स्वप्निलला फोन लावला. "मी खोटं बोलली. आत्या आहे."

तो गुरुवारी तुमच्याकडे येईल. त्याच्या मोबाइलात आजी आहे, सहा मिनिटांची. घोड्यावर बसून खदखदा हसते. मी पाहिलं अन् मला रडू फुटलं. तुम्ही पाहा, नाही म्हणू नका.

पण त्याच्याआधी, बुधवारी पहिल्या बसनं मी येते. दार लावून घेतलं तर ओट्यावर बसीन. उघडलं तर काय बोलीन, मला खरंच माहीत नाही. पत्र फाडायची बुद्धी होण्याआधी हेमराजच्या हाती देते, तो उद्या तुम्हाला आणून देईल.

नत्थूजींची अन् तुमची गुन्हेगार,
तुमची भाची
मंगला