नेहमीची उंची वजा करून

करडी, ४ मे १९८८

सरांनी नागपूरहून आकडे परत पाठवले. आइसलँडखालचा तापलेल्या खडकाचा झोत मी फारच जोरकस धरलाय म्हणे. खरंय — मूर्खासारखी चूक! समुद्राच्या तळावरची ती डोंगररांग मुळात सगळीकडेच उंच. आधी ती नेहमीची उंची वजा करायची. उरेल तो फुगवटाच तेवढा खालून वर येणाऱ्या झोताचा. तो किती मोठा, आणि दोन्हीकडचा तळ किती वेगाने दूर सरकतो, यावरून झोताचा जोर काढायचा. मी सगळी उंची झोताच्याच नावावर टाकली होती. लिहायला म्हणून घरी आलेय; जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द.

७ मे

मायचे पाय सुजलेत. हत्तीपाय, म्हणते. इथे घरोघरी तेच. शेजारच्या विमलाबाईंचा एक पाय तर केळीच्या खोडाएवढा झालाय. त्यांनीच गोळ्या आणून दिल्या. भंडाऱ्याला दाखवू म्हटलं तर माय चिडली. "हत्तीपायासाठी कोणी भंडाऱ्याले जाते का? तू आपलं लिव."

१५ मे

अझोर्स बेटांखालच्या झोताचा आकडा बसला! सांगायला घरात कोण? मायनेच विचारलं, काय करून राहिली म्हणून. चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. समुद्र तिनेही पाहिला नाही, मीही नाही. ऐकून म्हणाली, "म्हणजे सगळ्याइचं जे असते, ते सोडून द्याचं." अगदी तेच!

तिचा चेहरा जरा फुगल्यासारखा वाटला. झोप झाली नसेल.

२१ मे

दिवसभर लिहिलं. माय जेवली नाही.

२ जून

सकाळी मायला दम लागला, उठवेना. बाबांनी गावातली जीप मिळवली, भंडाऱ्याला आणलं. डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. हत्तीपाय नाही. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. हत्तीपायात चेहरा कुठे सुजतो, असं त्यांनी मला विचारलं. शिकलेली दिसले म्हणून मला!

गावात सगळ्यांना असतं, म्हणून मायचंही तेच, असं धरून बसले. स्वतःची चीड येते. आता फार काही करता येणार नाही म्हणतात.

६ जून

माय ओळखत नाही. शेवटचं प्रकरण पिशवीत घेऊन आलेय. कशाला आणलं?

९ जून

माय गेली.

१२ जून

बाबा आज बोलले. मूत्रपिंडाचं दुसऱ्या एका डॉक्टरांनी गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं, दोघांनाही. मला हत्तीपाय सांगायचं मायने ठरवलं.

"मले शपथ घातली तिनं. म्हणे, पोरीले समजलं तर शिक्शन सोडून घरी येऊन बसल."