पिनव्हीलचा डावा हात

शनिवार, ८ सप्टेंबर २०१२

‘आयर्न हेरन’, म्हणजे लोखंडी बगळ्याच्या कार्टूनचा, शेवटचा सीझन आज सकाळी साडेआठला सुरू झाला. यंदाचा संकल्प : एपिसोड संपल्यापासून तासाभरात परीक्षण ब्लॉगवर. तिरकस लिहायचं नाही. आणि शिकागोच्या लूट्सचा ब्लॉग अजिबात उघडायचा नाही. तो माझ्या ‘हेरनचं घरटं’वरून कल्पना उचलतो असा माझा फार दिवसांचा संशय आहे. आपण जाऊन बघितलं की त्याचीच वाचकसंख्या वाढते.

ड्वेन फ्लूगर नेहमीप्रमाणे डोनट घेऊन आला. माझा मित्र. मिलवॉकीच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी तो माझ्या सोफ्याच्या त्या टोकाला बसून हेरन बघतो. नियम त्याला पाठ आहेत. शेवटची नावं सरकून संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि कॉर्नफ्लेक्स भिजल्याशिवाय खायचे नाहीत. आवाज होतो.

एपिसोड दणदणीत. पाचपैकी चार पंख. परीक्षण उद्या टाकतो. घाईत लिहिणं म्हणजे वाचकांचा अपमान.

रविवार, ९ सप्टेंबर, सकाळी १०

परीक्षणासाठी एपिसोड परत लावला. एकेक चित्र थांबवून बघितला.

हेरनचा साथीदार पिनव्हील लाल धातूचा मोजा घालतो. उजव्या हातात. पहिल्या सीझनपासून उजव्याच. पण काल बोगद्यात पळताना चार सेकंद तो मोजा डाव्या हातात आहे!

म्हणजे तो पिनव्हील नाहीच. प्रोफेसर व्हिनेगरने खऱ्या पिनव्हीलला कुठंतरी डांबलंय आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसरा पाठवलाय. व्हिनेगर म्हणजे या मालिकेतला खलनायक. काचेचं शिरस्त्राण, आत धूर, आवाज यंत्राचा. चेहरा आजवर कोणी पाहिलेला नाही. असल्या माणसाकडून काहीही होऊ शकतं.

अख्ख्या अमेरिकेत हे फक्त मला कळलंय. दार आतून लावून घेतलं.

आता घाई नाही. नोव्हेंबरात इथल्या चाहत्यांच्या मेळाव्याला मालिकेच्या दिग्दर्शिका मार्लिस ओडेगार्ड येणार आहेत. भर सभागृहात, माइकवर, मी त्यांना हे विचारीन. त्यांचा चेहरा पडेल. लूट्सचा तर पडेलच. यापुढे हेरन म्हटलं की लोकांना नॉर्बर्ट ग्रुश्का आठवेल. नुसता टाइल्स विकणारा नॉर्बर्ट नव्हे, हा नॉर्बर्ट.

परीक्षण राहिलं. कारण उघड आहे.

शनिवार, १५ सप्टेंबर

ड्वेनला सांगितलं. न सांगून करतो काय, कोणीतरी थक्क व्हायला नको का?

थक्क झाला नाही. टीव्हीजवळ जाऊन वाकला, डोनट चावत म्हणाला, अरे लेका, शॉट उलटा केलाय त्यांनी. आरशात दिसतो तसा. ते मागच्या घड्याळातले आकडे बघ की, तेही उलटे आहेत. हेरनच्या छातीवरचा बगळासुद्धा दुसरीकडे बघतोय.

मी शांतपणे समजावलं की घड्याळ उलटं आहे याचा अर्थ काळाशी खेळ झालाय. आणि बगळ्याने तोंड फिरवलंय, कारण बगळ्याला ठाऊक आहे. ड्वेन म्हणाला, असेल बाबा, तुझंच खरं असेल.

इतक्या पटकन माघार? नोंद करून ठेवतो.

बुधवार, १९ सप्टेंबर

लूट्सचा ब्लॉग उघडला. वाचायला नव्हे, तपासायला.

तो लिहितो, ‘या सीझनमध्ये पिनव्हील मला जरा वेगळा वाटतोय.’

जरा वेगळा! शिकागोत बसून याला कसं वाटलं? मोजा मी पाहिला. मी एकाच माणसाला सांगितला. तो माणूस माझे कॉर्नफ्लेक्स खातो.

शनिवार, २२ सप्टेंबर

आज एपिसोड कमी पाहिला, ड्वेनला जास्त. नवा फोन घेतलाय. जाहिरातीत दोनदा काढून काहीतरी टाइप केलं. मी सहज विचारलं, कोण? म्हणाला, आई. ड्वेनची आई चौऱ्याऐंशीची आहे. तेही नोंदवून ठेवलं.

एपिसोडला अडीच पंख. कदाचित जास्त द्यायला हवे होते, पण मधला भाग मी बघितलेला नाही.

शनिवार, २९ सप्टेंबर

सापळा लावला.

जगात कोणाच्याही डोक्यात येणार नाही असा मूर्खातला मूर्ख तर्क शोधून काढला : प्रोफेसर व्हिनेगर ही पिनव्हीलची आई आहे. सांगताना मलाच हसू येत होतं, मोठ्या कष्टाने दाबलं. ड्वेनला म्हटलं, फक्त तुला सांगतोय, कुठं बोलायचं नाही. तो म्हणाला, आई? अरे तिला तर पहिल्याच भागात पुरात वाहून जाताना दाखवलीय. मी म्हटलं, वाहून जाताना दाखवलीय, मेलेली दाखवलीय का? तो म्हणाला, नाही बुवा, हे भारी आहे. आणि खरंच खूश दिसला.

आता हे लूट्सच्या ब्लॉगवर आलं की चोर सापडला.

शनिवार, १३ ऑक्टोबर

दोन आठवडे झाले. लूट्सकडे आईबद्दल अवाक्षर नाही. दिवसातून चारपाच वेळा तपासतो.

ड्वेन माझ्या अंदाजापेक्षा फारच धूर्त निघाला. सापळा ओळखलाय त्याने. निर्दोष माणसाने एवढ्यात कुठंतरी बोलून टाकलं असतं.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

मासे खायला चौकातल्या बारमध्ये गेलो. शुक्रवारी इथं सगळेच तळलेले मासे खायला निघतात, म्हणून गर्दी. कोपऱ्यातल्या टेबलावर ड्वेन! सोबत दोन अनोळखी माणसं, तिघं हसतायत. मी टांगलेल्या कोटांच्या रांगेआड उभा राहिलो. माझा तळलेला कॉड मासा थंड झाला, झाला तर झाला.

ते निघाल्यावर मागोमाग पार्किंगमध्ये गेलो. त्यातला एक ज्या गाडीत बसला तिच्या नंबराची पाटी इलिनॉय राज्याची. इलिनॉय! शिकागो दुसरीकडे कुठं आहे?

शनिवार, २० ऑक्टोबर

एपिसोड लागायच्या आधीच विषय काढला. मोजा, लूट्स, फोन, इलिनॉयची गाडी, सगळं क्रमाने मांडलं. ड्वेन ऐकत राहिला. मग म्हणाला, अरे ती माझी बोलिंगची मंडळी, चेंडू घरंगळत सोडून पिना पाडतो ना आम्ही, ते. त्यातला एक, केन्या, गाडीच्या कराचे पैसे वाचतात म्हणून भावाच्या नावावर तिकडची पाटी लावून फिरतो. आणि म्हणाला, नॉर्बर्ट, तुझं बरं चाललंय ना?

उलट प्रश्न विचारणं, ही तर जुनी युक्ती. मी म्हटलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत येऊ नकोस. आणि त्याचा कॉर्नफ्लेक्सचा बाऊल त्याच्या हातात दिला. बाऊल त्याचाच, त्यानेच आणून ठेवलेला. त्याने तो आधी सिंकमध्ये धुतला, पुसला, मग काखेत धरून गेला.

डोनट तसेच राहिले. तपासून मग खाल्ले.

शनिवार, २७ ऑक्टोबर

एकटा पाहिला. छान. कोणी चुळबुळ करत नाही, कोणी बूट काढत नाही. शेवटची नावं संपल्यावर बोलायची मुभा असते. आज बोलायला पुष्कळ होतं. टीव्ही बंद केला.

दुपारी डीव्हीडीवर आलेला हेरनचा नवा चित्रपट पाहिला. ब्लॉगवर लिहिलं, ‘दीड तासाचा चित्रपट म्हणजे तीन एपिसोड एकमेकांना दोऱ्याने बांधलेले. बर्फातल्या मारामारीत पाठीमागचा तोच डोंगर पाचदा सरकत जातो. दोन पंख, आणि तेही बगळ्याला.’ परीक्षण वेळेवर टाकलं! ड्वेन नसला की कामं होतात. एकच कॉमेंट आली. गटारं साफ करून देणाऱ्या कंपनीची होती.

शनिवार, १० नोव्हेंबर

मेळावा. मी पूर्ण हेरनच्या वेषात. पत्र्याची चोच घरी बनवलेली, फूटभर लांब. प्रश्नांच्या रांगेत सगळ्यात पुढे मीच. माइकजवळ गेलो तर चोच माइकवर आदळली, सभागृहभर घंटा वाजल्यासारखं झालं. लोक हसले. ठीक आहे. इतिहास घडताना लोक हसतातच.

मी म्हटलं, बाई, माझा प्रश्न तीन भागांत आहे. भागाभागाने मोजा, घड्याळ, बगळा, सगळं काढलं. आयोजकांचा माणूस आटपा आटपा अशी खूण करत होता, तिकडे बघितलं नाही. शेवटी बोट रोखून विचारलं, तर मग खरा पिनव्हील आहे कुठं?

ओडेगार्डबाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, बोगद्यातला शॉट ना? अहो, तो मीच उलटा केला. चार सेकंद कमी पडत होते, चित्रं काढणारी पोरं थकली होती, जुनी चित्रं फिरवून लावली. घड्याळ माझ्या लक्षातच आलं नाही. बारीक नजर आहे हो तुमची.

टाळ्या पडल्या. कोणासाठी, ते मला कळलं नाही. मी चोच काढून बाहेर आलो. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत ड्वेन बसलेला दिसला. हेरनची टोपी घालून. मी दुसऱ्या दाराने गेलो.

सोमवार, १२ नोव्हेंबर

उलगडा झाला. बाईंना करार पाळावा लागतो, खरं कसं सांगणार? शिवाय इतकं झटकन उत्तर तयार होतं, म्हणजे कोणीतरी प्रश्न आधीच कळवला होता. ड्वेन तिथं काय करत होता हे आता कळतंय.

लूट्सने माझा फोटो टाकलाय. ‘मिलवॉकीचा चोचवाला.’ दोनशेच्या वर कॉमेंट. मी सगळ्या वाचल्या. एकाने माझी बाजू घेतलीय. लिहिलंय, हसू नका रे, हा माणूस ही मालिका तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मन लावून बघतो. नाव नाही, नुसता ‘डी’. कोण जाणे, मागे काय डाव आहे.

शनिवार, १ डिसेंबर, सकाळी ९.१०

शेवटचा एपिसोड संपला.

व्हिनेगरचं शिरस्त्राण फुटलं. धूर गेला. आत एक बाई. पिनव्हील पुढे आला, मोजा काढला, उजव्या हातातला, आणि म्हणाला, आई?

मी उठून उभा राहिलो. परत बसायचं सुचलं नाही.

शनिवार, १ डिसेंबर, दुपारी

लूट्स लिहितो, ‘हे जगात कोणालाही ओळखता आलं नसतं.’

मी ओळखलं होतं! सप्टेंबरात! ब्लॉगवर मात्र एक ओळ नाही. साक्षीदार एकच.

फोन केला. मी म्हटलं, ड्वेन, आई! आईच निघाली! तो म्हणाला, काय सांगतोस, खरंच? अरे वा, म्हणजे तू बरोबर ओळखलंस की. मी विचारलं, तू पाहिला नाहीस? शेवटचा एपिसोड? म्हणाला, नाही रे, आमचं बोलिंग आधी गुरुवारी असायचं, आता शनिवारी सकाळी असतं.

मी विचारलं, आईचं कोणाला सांगितलं होतंस? म्हणाला, तू नको म्हणालास ना, मग कशाला सांगू? मी म्हटलं, आता सांग. ब्लॉगवर लिही, नॉर्बर्टने ओळखलं होतं म्हणून. म्हणाला, लिहितो की. पण लोक म्हणणार, मित्र आहे म्हणून लिहितोय.

मग तो म्हणाला, नॉर्बर्ट, खरं सांगू का? रागावू नकोस. मला त्या बगळ्याचं कधी काही विशेष वाटलं नाही. आर्डिस तुला सोडून गेली त्या वर्षी तू शनिवारी घरात एकटाच बसून राहायचास. म्हणून येऊन बसायला लागलो. मग बसतच गेलो.

आर्डिसचं नाव या घरात बऱ्याच वर्षांनी निघालं. मी म्हटलं, विशेष वाटलं नाही म्हणजे नेमकं काय? चित्रं, की कथा?

ड्वेन हसला. म्हणाला, शनिवारी नऊला बोलिंगच्या लेनवर ये. बूट तिथं भाड्याने मिळतात.

फोन ठेवल्यापासून विचार करतोय. इतकी वर्षं न आवडणारी गोष्ट कोणी बघतं का? दर शनिवारी? बर्फातसुद्धा? कशासाठी?

शनिवार, ८ डिसेंबर

साडेआठला हेरनच्या जागी मासेमारीचा कार्यक्रम लागला. पाच मिनिटं पाहिला.

नऊला लेनच्या पार्किंगमध्ये होतो. उतरलो नाही. आधी जरा बघावं म्हटलं, आत कोण कोण आहे, काय बोलणं चाललंय. काचेतून सगळं दिसत होतं. इलिनॉयची गाडी माझ्या शेजारीच उभी होती. ड्वेनने एक चेंडू टाकला, फारसं काही पडलं नाही, तरी सगळे ओरडले. त्यांच्या बाकावर एक जागा रिकामी होती. तिच्यावर डोनटचा डबा ठेवलेला.

मग ड्वेन वळला, काचेपर्यंत आला आणि बाहेर बघून त्याने हात हलवला. बराच वेळ हलवत होता.

माझ्या मागेही एक गाडी येऊन थांबली होती. हात मला केला की तिला, हे काही नक्की कळेना.

म्हणून घरी आलो.